सुईवाली डॉक्टरीण

अंबरनाथच्या बुवापाड्यात डॉक्टर अंजनी भोपी यांचा दवाखाना होता, आणि तिथे जाणाऱ्या माणसाला औषधाच्या आधी बोलणी खावी लागत. ताप अंगावर काढला म्हणून बोलणी, गोळ्या अर्ध्यात सोडल्या म्हणून बोलणी. दुसऱ्या डॉक्टरकडे फिरून मग इकडे आलात तर विचारूच नका. तरी लोक जायचे, कारण बाईंचं निदान सहसा चुकत नसे. आवडीने मात्र कोणी जात नव्हतं.

बाई मूळच्या बदलापूरजवळच्या एरंजाडच्या. घरी भातशेती, आणि गावातून डॉक्टर झालेली ही पहिलीच मुलगी. शिकण्यासाठी त्या आधी वडिलांशी भांडल्या, मग चुलत्यांशी, मग लग्नाची बोलणी घेऊन येणाऱ्या सगळ्यांशी. भांडण जिंकायची त्यांना इतकी सवय झाली की पुढे भांडण नसलं तरी त्या त्याच सुरात बोलत. लग्न केलंच नाही. १९८१ साली बुवापाड्यात दवाखाना घातला आणि आई विठाला घेऊन वरच्या खोलीत राहायला आल्या. विठा कधीकधी म्हणायची, "पोरी, तू लोकांना बरं करतंस, पन लोकांना बरं वाटंल असं कदी बोलत नाय."

पेशंट बहुतेक एमआयडीसीतले. केमिकलच्या कारखान्यांतले खोकत यायचे, इंजिनीअरिंगच्या शेडमधले पाठ धरून. सगळ्यांना एकच हवं असायचं, इंजेक्शन मारा आणि उद्या कामाला जाऊ द्या. बाईही सुरुवातीला तेच करत. त्यात वाळू नावाचा एक हमाल होता. दिवसभर पिंपं उचलायचा आणि पाठ दुखली की बाईंनी एकदा लिहून दिलेल्या गोळ्या दुकानातून परस्पर आणून चण्यासारख्या खायचा. एके दिवशी कारखान्याच्या गेटातच त्याला रक्ताची उलटी झाली. माणूस वाचला.  वाळू परत पिंपं उचलणार, पाठ परत दुखणार आणि आपल्याकडे त्याला द्यायला पुन्हा त्याच गोळ्या, हे त्यांना सहन होईना.

दादरला एक म्हातारे डॉक्टर रविवारी ऍक्युपंक्चर शिकवत. बाईंनी त्यांच्याकडे जायला सुरुवात केली. वर्षभराने दवाखान्यात केसासारख्या बारीक सुया आल्या. आईकडून त्यांनी निर्गुडीच्या पाल्याचा शेक उचलला, खोकणाऱ्यांना श्वासाचे व्यायाम शिकवायला लागल्या. पण गोळ्यांचं कपाट होतं तिथेच राहिलं. प्रत्येकाला त्या बजावून सांगत, "हे गोळ्यांच्या जागी नाही. गोळ्यांच्या जोडीला आहे. डोक्यात शिरलं?"

लोकांच्या डोक्यात दुसरंच शिरलं. सुई टोचायची आणि आत औषधच नाही, ही उघड फसवणूक आहे असं अर्ध्या बुवापाड्याचं मत पडलं. बाजारातले वैद्यबुवा म्हणाले, निर्गुडी आमची, ही इंग्रजी डॉक्टरीण तिच्यात कशाला हात घालते? आणि स्टेशनजवळ नर्सिंग होम असलेले डॉक्टर हिंदुराव खलाटे तर गावातल्या डॉक्टरांच्या संघटनेचे अध्यक्षच होते. देशावरचा उंचापुरा माणूस, आवाज भरदार. कुठल्याही समारंभात बाई दिसल्या की ते चार जणांना ऐकू जाईल असं म्हणायचे, "आमच्या भोपीबाईंनी हल्ली शिवणकाम सुरू केलंय." बाई तिथल्या तिथे उलट उत्तर देत आणि वैर आणखी घट्ट होई.

अशा वेळी बाळाजी ढमाले त्यांच्याकडे आला. दवाखान्यासमोर रस्त्यापलीकडच्या चाळीत राहायचा, लेथवर काम करायचा. त्याला मधुमेह होता, आणि तळपायांची अशी आग व्हायची की ओलं फडकं गुंडाळल्याशिवाय झोप नाही. बाईंनी मधुमेहाच्या गोळ्या चालू ठेवल्या आणि पायांच्या आगीसाठी सुया सुरू केल्या. महिना-दीड महिन्यात आग कमी झाली. बाळाजी हरखून गेला. शेडमध्ये, चाळीत, पानाच्या टपरीवर, जाईल तिथे तो सुयांची गोष्ट सांगू लागला. त्याच्या सांगण्यावरून दहा-वीस नवे पेशंट आले. बाईंचं कौतुक करणारा असा माणूस त्यांना पहिल्यांदाच भेटला होता. त्यांनी वरवर दाखवलं नाही, पण आईजवळ एकदा बोलून गेल्या की बाळाजीमुळे काम सोपं झालं.

बाळाजीला सुया आवडत, गोळ्या आवडत नसत. त्याचा बाप गोळ्या खात खातच गेला होता. गोळी म्हणजे आपण आजारी, आणि सुई म्हणजे आपण बरे होतोय, असं काहीतरी त्याच्या मनाने घेतलं. दर खेपेला बाई विचारत, गोळ्या चालू आहेत ना? तो म्हणे, चालू आहेत. बाई नुसत्या बोलण्यावर विश्वास ठेवणाऱ्या नव्हत्या. तेव्हा लघवी तपासायची साधी रीत होती. निळं औषध परीक्षानळीत घ्यायचं, लघवीचे थेंब टाकायचे आणि दिव्यावर तापवायचं. निळं राहिलं तर ठीक, विटेसारखं लाल झालं तर साखर आहे. बाळाजी घरून छोटी बाटली भरून आणी. दर वेळी नळीतलं पाणी निळंशार राही आणि बाई समाधानाने मान हलवीत.

१९८८ च्या उन्हाळ्यात तो भाच्याच्या लग्नाला गावी गेला. अनवाणी हिंडला. पायात काय घुसलं ते त्याला कळलंच नाही, कारण आग गेली तशी पायाची जाणीवही गेली होती. परत आणला तेव्हा पाऊल काळं पडलेलं, अंगात ताप आणि माणूस निम्मा बेशुद्ध. बायको रखमा रिक्षात त्याला घेऊन बसली आणि रिक्षावाल्याने गाडी सरळ खलाट्यांच्या नर्सिंग होमला नेली.

साखर बेसुमार वाढलेली होती. खलाट्यांनी विचारलं, औषध कोणाचं चालू होतं? नातेवाइकांनी सांगितलं, सुईवाल्या बाईंचं. खलाटे म्हणाले, "मग झालं तर." एवढे तीन शब्द बुवापाड्यात पोचायला संध्याकाळ पुरली. बाळाजीला मुंबईच्या मोठ्या इस्पितळात हलवलं आणि उजवा पाय गुडघ्याखालून कापावा लागला.

तो घरी आल्यावर दोन दिवसांनी पहिली पाळी सुटल्यावर शेडमधले कामगार रिक्षा भरभरून दवाखान्यावर आले. कोणीतरी पाटीला डांबर फासलं, एका दगडाने खिडकीची काच गेली. बाकावरचे पेशंट मागच्या दाराने पळाले. बाई पायरीवर येऊन उभ्या राहिल्या. गयावया करणं त्यांना ठाऊकच नव्हतं. त्या म्हणाल्या, "मी त्याला गोळ्या बंद करायला सांगितल्या का, ते आधी त्याला विचारून या."

जमाव खरंच रस्ता ओलांडून गेला. बाळाजी ओट्यावर उशीला टेकून बसला होता. रखमा दारात होती. त्याने सगळ्यांकडे पाहिलं आणि म्हणाला, "बाईच म्हणाल्या, आता गोळ्यांची गरज नाही."

बाईंनी ते रस्त्याच्या अलीकडून ऐकलं. कुठल्याच भांडणात त्यांची वाचा बसली नव्हती, त्या दिवशी बसली. लोक परत आले आणि सुयांचा डबा गटारात रिकामा करून गेले.

पुढच्या महिन्यात संघटनेने त्यांना बोलावून घेतलं. खलाट्यांच्या नर्सिंग होमच्या वरच्या हॉलमध्ये गावातले सगळे डॉक्टर जमले होते. बाईंनी सांगितलं की मी गोळ्या थांबवल्या नाहीत, दर खेपेला तपासणी करत होते आणि तपासणीत साखर दिसली नाही. त्यावर हशा पिकला. साधी लघवी तपासता येत नाही, असं कोणीतरी मागून म्हणालं. मग खलाट्यांनी शांतपणे विचारलं, "त्याच्या पायांची आग गोळ्यांनी गेली, सुयांनी गेली, की नसाच मेल्या म्हणून गेली? तुम्हाला तरी माहीत आहे का?"

बाईंनी विचार केला. खोटं बोलणं सोपं होतं. त्या म्हणाल्या, "नाही. खात्रीने नाही सांगता येत."

"मग जे माहीत नाही ते तुम्ही लोकांच्या अंगात खुपसता."

"तुम्ही वाटेल त्याला सलाईन लावता, त्यातलं तुम्हाला किती माहीत असतं?"

यानंतर सभेत कोणी कोणाचं ऐकलं नाही. सुया सोडल्याचं लिहून द्या, म्हणजे प्रकरण मिटेल, असं त्यांना सांगण्यात आलं. बाई उठून चालू लागल्या. संघटनेने त्यांचं नाव काढून टाकलं. तेव्हापासून गावातलं एकही नर्सिंग होम त्यांचा पेशंट दाखल करून घेईना, एक्सरेवाला त्यांची चिठ्ठी परत पाठवी, लॅबवाल्यांना अचानक जागा अपुरी पडू लागली. उल्हासनगरच्या चार नंबर कॅम्पात परसराम नावाच्या सिंधी गृहस्थाची लॅब होती. त्याने तेवढं नमुने घ्यायचं कबूल केलं. "हमको पेशाब से मतलब, बाई, झगडे से नहीं," एवढंच तो म्हणाला. गंभीर पेशंट असला की बाई स्वतः रिक्षात बसून त्याला उल्हासनगरला नेत.

आणि समोर बाळाजी होता. नोकरी गेल्यावर तो दिवसभर ओट्यावर बसे, शेजारी कुबडी. दवाखान्याकडे वळणाऱ्या प्रत्येकाला हाक मारून विचारी, "सुईवालीकडं का? एक पाय ठेवून जा मग." लोक हसत, काही परत फिरत. त्याच्याभोवती सकाळ-संध्याकाळ चार माणसं जमलेली असत. चहा येई आणि झालेला अन्याय पुन्हा सांगितला जाई. दर सांगण्यात बाई थोड्या आणखी वाईट होत. बाई खिडकीला नवी काच बसवून आत काम करत. पडदा त्यांनी मुद्दाम लावला नाही.

सुयाही सोडल्या नाहीत. फक्त नियम कडक केला. गोळ्यांचं पाकीट आणून दाखवायचं, त्या दिवसाची गोळी समोर गिळायची, मगच सुई. निम्मे लोक चिडून गेले. उरले ते बाईंना पोलीस म्हणायला लागले.

मनाशी त्या वेगळ्याच विचाराने पोखरल्या होत्या. नळी निळी कशी राहिली? औषध जुनं झालं होतं का? आपण नीट तापवलं नाही का? स्वतःवर शंका घ्यायची त्यांना सवय नव्हती, त्यामुळे ती शंका त्यांना फार जड गेली. निळं औषध त्या पुन्हा पुन्हा नवीन आणत.

१९९१ मध्ये विठा गेली. संघटनेतलं कोणी फिरकलं नाही. तिरडी निघाली तेव्हा बाळाजीच्या ओट्यावरची माणसं बसलेलीच राहिली. रखमा तेवढी आली. बायकांच्या मागे उभी राहिली आणि परत गेली.

तीच रखमा दोन वर्षांनी एका दुपारी, दवाखान्यात कोणी नसताना, आत आली. बाईंनी मान वर केली नाही. काय हवंय, एवढंच विचारलं. रखमा सांगू लागली की मालकांचा पाय दुखतो. डावा नव्हे. जो कापला तो. त्याचा अंगठा कोणी पकडीत धरून पिळतंय असं म्हणतात. खलाटे डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, इंजेक्शनं दिली, मग म्हणाले मनाचे खेळ आहेत. आता माणूस ओरडतो आणि भिंतीवर डोकं आपटतो.

"मग मी काय करू?" बाई म्हणाल्या. "एक पाय ठेवून या म्हणतो ना तो? दुसरा ठेवायला आलीस का?"

रखमाने मागे वळून दार लोटून घेतलं. मग तिने जे सांगितलं ते ऐकून बाईंनी हातातलं पेन टेबलावर ठेवलं. ती म्हणाली, "बाई, त्या बाटलीतली लघवी माझी असायची. तुमची बोलणी नकोत म्हनून ते मला भरून द्यायला लावायचे. गोळ्या तर कवाच गटारात टाकल्या व्हत्या."

बाईंना आधी हायसं वाटलं, आणि मग राग आला. पाच वर्षं. काळी पाटी, ती सभा, आईची तिरडी, सगळं त्या एका छोट्या बाटलीपायी. त्यांनी रखमाला नको नको ते ऐकवलं. रखमाने ऐकून घेतलं. शेवटी ती एवढंच म्हणाली की मला त्यांच्याबरोबर राहायचं होतं, बाई. आणि निघून गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी अंजनीबाई रस्ता ओलांडून पलीकडे गेल्या. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच. ओट्यावर नेहमीची माणसं बसली होती. बाईंनी सगळ्यांना उठायला सांगितलं आणि त्यांच्या आवाजाला लोक उठलेही. बाळाजी गालफडं बसून निम्मा झाला होता.

"कुठे दुखतंय?"

"अंगठ्यात."

"कुठल्या?"

"नाही त्यातल्या," तो म्हणाला आणि नजर वळवली.

"बाटली कोणाची होती ते मला कळलंय. आता हाका मारून त्या चार माणसांना बोलवा आणि त्यांना सांगा. मग मी सुया घेऊन येते."

त्याने रस्त्यावर जाऊन उभ्या राहिलेल्या त्या माणसांकडे पाहिलं. मग म्हणाला, "नाही सांगणार."

"का?"

"पाय गेला, काम गेलं. ही मानसं इथं बसत्यात ती माझ्यावर अन्याय झाला म्हनून. खरं सांगितलं तर मी नुसता गाढव ठरतो. मग माझ्याकडं कोन बसंल?"

त्याच्या आवाजात पश्चात्ताप नव्हता. तो फक्त त्याची अडचण सांगत होता. बाईंना वाटलं, उठावं आणि दार लावून घ्यावं, ओरडू दे याला. त्या खरंच चार पावलं गेल्याही. मागे त्याच्या तोंडून आवाज निघाला, दात आवळून दाबलेला. गुडघ्याखाली काहीच नाही तिथे तो दोन्ही हातांनी हवा धरू पाहत होता. हे सोंग नव्हतं. सोंगं त्यांनी आयुष्यभर पाहिली होती.

त्या तिथूनच म्हणाल्या, "उद्या सकाळी या. बाटली आणायची नाही. लघवी माझ्याकडे करायची, दार उघडं ठेवून."

बाळाजी आला. कुबडीवर रस्ता ओलांडताना अख्खी चाळ बघत होती. बाईंनी आधी तपासणी केली. नळी विटेसारखी लाल झाली ती त्याच्या नाकासमोर धरली. खलाट्यांनी दिलेल्या मधुमेहाच्या गोळ्याही तो अर्ध्याच घेत होता. बाईंनी इन्शुलिन सुरू केलं आणि टोचायला रखमाला शिकवलं. कापलेल्या नसांच्या दुखण्यासाठी रात्रीची एक बारीक गोळी दिली. आणि मग त्याच्या शाबूत डाव्या पायात, उजव्याच्या दुखऱ्या जागेसमोर, सुया घातल्या. 

तीन-चार आठवड्यांनी त्याला झोप लागायला लागली. दुखणं गेलं नाही, पण भिंत सुटली. त्याने आभार मानले नाहीत. सुया काढून झाल्या की कुबडी उचलून ओट्यावर जाई आणि दुपारी चार माणसांत बसून पुन्हा तीच जुनी गोष्ट सांगे. आता तिच्यात एक वाक्य वाढलं होतं, पाय नेला म्हणून बाई आता फुकट सेवा करते. बाईंना ते खिडकीतून ऐकू यायचं. पुढच्या खेपेला त्या सुई जरा जास्त जोराने टोचत. डॉक्टरने असं करू नये हे त्यांना माहीत होतं.

बाटलीचं त्या एका माणसाजवळ बोलल्या. खलाट्यांजवळ. त्यांच्या नर्सिंग होममध्ये जाऊन, बसा म्हणायची वाट न बघता बसल्या आणि सगळं सांगितलं. खलाट्यांनी मध्ये तोंड घातलं नाही. ऐकून झाल्यावर चष्मा काढून पुसला.

"म्हणजे तपासणी तुमची बरोबर होती," ते म्हणाले. "ते शब्द मी मागे घेतो. पण बाई, त्या माणसाने गोळ्या का टाकल्या? तुमच्या सुयांवर भरवसा बसला म्हणून. मी त्या दिवशी दुसरं काय म्हणत होतो?"

बाईंच्या तोंडावर उत्तर आलं होतं. कितीतरी उत्तरं आली होती. पण त्यातलं एकही पूर्ण खरं नव्हतं, हे त्यांना बोलायच्या आधीच कळलं. त्या म्हणाल्या, "तुमच्याकडे आला असता तर त्याने गोळ्या खाल्ल्या असत्या?"

"नसत्याही."

"मग?"

"मग काही नाही. तुम्ही दोन्ही हातांत दोन गोष्टी देता. लोकांना एकच हात दिसतो."

माणूस बरोबर बोलत होता म्हणून तो जास्तच नकोसा झाला. बाई उठल्या. संघटनेत परत घ्या असं त्यांनी म्हटलं नाही आणि खलाट्यांनीही तसं सुचवलं नाही. पण पुढे बाईंचा एक पेशंट पहाटे अत्यवस्थ झाला तेव्हा खलाट्यांच्या नर्सिंग होमने त्याला घेतलं. समारंभात ते शिवणकामाचा विनोद करत राहिले ते राहिलेच.

बाळाजी दर आठवड्याला येत राहिला. १९९७ मध्ये एका सकाळी हृदयाच्या झटक्याने तो ओट्यावरच गेला. दाखला द्यायला फॅमिली डॉक्टर म्हणून बाईंनाच बोलवावं लागलं. जमलेल्या माणसांनी वाट दिली, ओळख मात्र कोणी दिली नाही. बाईंनी त्याचे डोळे तपासले, नाडी पाहिली, आणि सवयीने डाव्या पायाच्या तळव्यावरून अंगठा फिरवला. जखम नव्हती.

त्यानंतर काही महिन्यांनी रखमा स्वतःचे गुडघे घेऊन आली. जिना चढवत नाही, म्हणाली. बाईंनी गुडघे वाकवून पाहिले आणि ट्रेमधल्या सुयांकडे हात नेला.

रखमाने तो हात धरला. "मला सुया नको, बाई," ती म्हणाली. "नुसत्या गोळ्या द्या."

बाईंनी तिला चांगलं फैलावर घेतलं. मग कपाट उघडून गोळ्या दिल्या.